आवतन देणाऱ्याचं आवतन

एकटेपणा हा शहरातल्या भरल्या पोटाच्या माणसांचा आजार आहे, असं मी परभणीला भर प्रशिक्षणात उभी राहून सांगितलं होतं. सर्वेक्षणाला निवडलेली पोरंपोरी खुर्च्यांवर बसली होती, फळ्याजवळ विद्यापीठाच्या संशोधनाच्या मॅडम होत्या, आणि मी हात वर न करताच उठले होते. सवय. मी चळवळीतली. संघटनेत आम्हाला हात वर करायला कुणी शिकवलं नाही, उभं राहायला शिकवलं. मी म्हणाले, आमच्या गावात रेशनचं विचारा, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारा. 'तुम्हाला एकटं वाटतं का' असं विचारत दारोदार फिरलो तर लोक हसतील.

मॅडम म्हणाल्या, "हसू देत. हसले तर तसं लिहून आण."

त्या शांत बाई होत्या आणि शांत माणसांवर माझा विश्वास पटकन बसत नाही. पण त्यांनी जे समजावलं ते सरळ होतं. माणूस माणसांपासून तुटला की नुसतं मन दुखत नाही, झोप जाते, रक्तदाब चढतो, औषधपाणी सुटतं. हे बऱ्याच ठिकाणी तपासून झालंय. आपल्याकडच्या खेड्यांत ते कसं दिसतं हे कुणी नीट बघितलेलं नाही. म्हणून शाळकरी पोरापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सगळ्या वयाच्या माणसांना विचारायचं.

मी काम घेतलं ते पटलं म्हणून नाही. पत्रकं वाटताना लोक दारातूनच कागद घेतात आणि मागच्या मागं चुलीत घालतात, हे मला माहीत होतं. विद्यापीठाचा शिक्का असलेला फॉर्म घेऊन गेलं तर घरात बसायला सतरंजी टाकतात. मला घरात शिरायचं होतं.

आमचं गाव बोरीपासून फार लांब नाही. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती, मधोमध विहार. सुरुवात आपल्याच वस्तीपासून करते म्हणाले, कारण इथला प्रत्येक उंबरा मला माहीत होता. निदान मला तसं वाटत होतं.

फॉर्मवर पहिलीच सूचना होती: मुलाखत एकांतात घ्यावी. ही सूचना लिहिणाऱ्यानं खेडं फक्त गाडीच्या काचेतून बघितलं असणार. एखाद्या बाईला म्हटलं, मावशी, जरा आत बसून बोलू, तर चार घरांतल्या बाया हातातलं टाकून येत. एकटीला काय इचारायचंय असं, आमी ऐकलं तर काय झिजंल का? मग प्रश्न एकीला आणि उत्तर पाच जणींचं. 'आपल्याशी बोलायला कुणी नाही असं तुम्हाला किती वेळा वाटतं?' या प्रश्नावर तर हशाच पिकायचा. भरलं गाव हाय, कोन म्हनंल बोलायला न्हाई म्हून, इथं गप बसायला जागा मिळंना. चार पर्याय होते: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. मी पहिल्यावर टिक करत पुढं जात होते.

एका घरात दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून होती. तिला विचारलं तर सासू म्हणाली, "तिला कशाला एकटं वाटंल? एक मिनिट सोडत न्हाई आमी तिला." सून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली होती. मी टिक केली: कधीच नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा भेटला. पुण्याहून कंपनी सोडून परत आलेला. तो म्हणाला, ताई, ग्राउंडवर पळताना सोबत कोन असतंय, आणि हसला. मीही हसले. कधीच नाही.

आठवडाभरात माझ्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा झाला आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांवर एकच टिक. मला आनंद झाला, हे लपवणार नाही. मॅडमच्या टेबलावर हा गठ्ठा आपटायचा आणि सांगायचं, बघा, आमच्याकडे हे नाही. भाषणाची पहिली दोन वाक्यंही तयार होती.

मग मी आबांकडे गेले.

आबा म्हणजे वस्तीचे आबा, नात्यानं कुणाचेच नाहीत आणि म्हणून सगळ्यांचे. जन्मभर जिंतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहिली. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा चाकणकडं कंपनीत आहे, रविवारी फोन करतो, फोनही साधा बटणांचा. विहाराच्या मागं एक खोली, त्यात ते एकटे राहतात. पण वस्तीत आबांची ओळख हमाल म्हणून नाही. आबा आवतनं द्यायचे.

हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे लग्न असो, नामकरण असो, जेवणाचं बोलावणं पत्रिकेनं होत नाही. पत्रिका शोभेला. दारात येऊन माणसानं तोंडानं सांगावं लागतं, त्याला आवतन म्हणतात. त्यातही घरटी एका माणसाचं आवतन वेगळं आणि चूलबंद वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. हे सांगत फिरणाऱ्याला वस्तीतल्या सगळ्या चुली माहीत असाव्या लागतात: कोणते भाऊ वेगळे झाले, कोणती सासू पलीकडे करून खाते, कोण परत आलं, कोण गेलं. एकाही चुलीला सांगायचं राहिलं तर ते घर वर्षभर बोलत नाही. आबांना लिहिता येत नाही. त्यांच्याकडे यादी नव्हती. यादी तेच होते. कुणाचंही कार्य असो, आदल्या दिवशी आबा सकाळीच निघायचे, प्रत्येक दारात तेच वाक्य त्याच सुरात म्हणायचे आणि कुठंही पाणी प्यायचे नाहीत. एका घरचं प्यायलं की सगळ्या घरचं प्यावं लागतं, असा त्यांचा हिशोब.

खोलीत गेले तेव्हा आबा बाजेवर बसून होते. मला बघून सरकून जागा केली. इथं मात्र कुणी बाया जमल्या नाहीत. माझी पहिली एकांतातली मुलाखत, आणि ती का एकांतात होतेय याचा मी विचारही केला नाही. संमतीपत्र वाचून दाखवलं: तुम्ही जे सांगाल ते कुणालाही कळणार नाही. त्यांनी अंगठा उठवला आणि बोट धोतराला पुसलं.

प्रश्न सुरू झाले. गेल्या महिन्यात तुम्ही कुणाकडे जेवायला किंवा कार्यक्रमाला गेलात का? नाही. का? आबा म्हणाले, "आवतन न्हाई."

मी हसले. मला तो विनोद वाटला. आवतनं देणाऱ्या माणसानं केलेला. म्हटलं, आबा, मागल्या आठवड्यात तर वरच्या आळीचं लग्न झालं, अख्खी वस्ती जेवली. ते म्हणाले, जेवली असंल. मी रकान्यात लिहिलं: समारंभांना जात नाहीत, स्वेच्छेने.

हा शब्द मी लिहिला. स्वेच्छेने. आजही तो फॉर्म कुठंतरी फायलीत असेल.

मग रक्तदाबाचं यंत्र त्यांच्या दंडाला बांधलं. आकडा इथं देत नाही, तो त्यांचा आहे. एवढंच सांगते की मी यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या दंडाला बांधून बघितलं आणि यंत्र बिघडलेलं नव्हतं. गोळ्या घेता का विचारलं, तर त्यांनी खिळ्याकडं बोट केलं. खिळ्याला कॅरीबॅग, तिच्यात सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या, एकही फोडलेली नाही. मी विचारलं, "घेत का नाही आबा?"

"कोनासाठी घ्यायच्या?"

रडगाणं नव्हतं ते. चहा नको म्हणावं तसं म्हणाले. संध्याकाळचं जेवणही बंद होतं. एका माणसासाठी दोनदा स्टो काय पेटवायचा, चहा-टोस्ट खाल्लं की झालं. त्यांच्या मनगटाचं हाड मी पहिल्यांदा बघितलं. हा माणूस क्विंटलभराचं पोतं पाठीवर घ्यायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की गोळ्या सोडल्या तर एक दिवस डोक्यातली शीर फुटेल. तेही त्यांनी मला तसंच सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

मी घरी आले ती पेटूनच. आणि पेटलं की मला एकच येतं. मी पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'जिवंत माणसाला विसरलेली वस्ती'. खाली: ज्यांना गावानं शतकानुशतकं दूर ठेवलं, त्यांनीच आज आपल्यातला एक माणूस दूर ठेवला आहे. एका म्हाताऱ्याची संध्याकाळची भाकर बंद आहे, औषधाच्या गोळ्या खिळ्याला लटकत आहेत आणि आपण म्हणतो, आमचं भरलं गाव! नाव टाकलं नव्हतं. मला वाटलं, नाव टाकलं नाही म्हणजे मी नियम पाळला. बोरीला जाऊन झेरॉक्स काढल्या, एक विहाराच्या फळ्यावर लावली, बाकी घरोघर वाटल्या, आणि फोनवर वस्तीचा जो ग्रुप आहे त्यावरही टाकलं.

पत्रक म्हणून ते चांगलं होतं. अजूनही म्हणेन. पण चांगलं पत्रक चुकीच्या दारावर लावलं की काय होतं ते दुसऱ्या दिवशीपासून दिसलं.

दोन दिवस आबांच्या दारात डब्यांची रांग. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणी तर लापशी करून नेली. भरतीवाल्या पोरांपैकी एकानं आबांच्या हातात ताट देऊन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याच्या चित्रांची माळ. तिसऱ्या दिवशी आबांनी आतून कडी लावली. हाक मारली तर झोपलोय म्हणायचे. रविवारी विहारात वंदना असते; तिथं खांबाजवळची जागा आबांची, बायको गेली त्या आठवड्यातही ते येऊन बसले होते. त्या रविवारी ती जागा रिकामी राहिली. वस्तीशी त्यांचा उरलेला एकच धागा होता, तो मी तोडला.

आई त्या वेळी लग्नाचे तांदूळ निवडत होती. माझ्या मोठ्या भावाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. मी कुरकुरले की एवढं लिहिलं, लोकांनी डबे नेले, तरी आबा दार उघडत नाहीत, तर आई सुपातून वर न बघता म्हणाली, "त्या मानसानं जल्मभर कोनाच्या दारात भाकर मागितली न्हाई. तू त्येची अब्रू वेशीला टांगलीस. वस्तीभर लिहून वाटलंस, ह्याला भाकर द्या म्हून."

मी परभणीची एसटी धरली.

परभणीला मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. ग्रुपवरचं पत्रक वाचलं, फोन परत दिला आणि विचारलं, संमतीपत्र कुणी वाचून दाखवलं होतं? मी म्हणाले, मी. त्यावर अंगठा कुणाचा आहे? त्यांचा. मग नाव टाकलं नाही हे कुणाला सांगतेस? तुझ्या गावात नाव टाकायची गरज तरी आहे का? त्यांनी माझ्याकडून त्या गावाचे सगळे फॉर्म काढून घेतले आणि गाव दुसऱ्या मुलीला दिलं. मी वाद घातला नाही. वाद न घातल्याच्या वेळा माझ्या आयुष्यात फार कमी, त्यातली ही एक. मी विश्वासघात केला होता आणि त्याला दुसरा शब्द नाही. चांगल्या हेतूनं केलेला विश्वासघात हा विश्वासघातच असतो. हे वाक्य मी एरवी पुढाऱ्यांसाठी वापरते.

घरी आले आणि आईलाच धरलं. म्हटलं, मला एवढं सांग, आबा जेवायला येत का नाहीत? पूर्वी तर प्रत्येक कार्यात असायचे.

आई म्हणाली, यायचं सोताहून, सगळे येतेत की. ग्रुपवर तर टाकतेतच आता.

त्यांच्याकडे तसला फोन नाही.

मग कोनी सांगितलं असंल.

कोणी?

"आता आवतन म्हन्लं की आबाच..." आई म्हणाली आणि तिचा सुपातला हात थांबला. तांदूळ तसाच. मग हळू म्हणाली, "आगं, आवतन देनाऱ्याला आवतन नसतंय."

झालं होतं ते असं. चाळीस वर्षं आबा प्रत्येक कार्यात जेवले, पण कुणी त्यांच्या दारात जाऊन या म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. जो सांगत फिरतो तो जेवणारच, सगळ्यांत शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि दारोदार फिरणं थांबलं. त्याच सुमाराला ग्रुप निघाला. मग कार्य असलेलं घर ग्रुपवर टाकायचं आणि त्यांना वाटायचं, आबांना तर माहीतच असतं. आबांना माहीत नसायचं. त्यांना मांडवाचा आवाज ऐकू यायचा. आणि ज्या माणसानं जन्मभर एकही चूल विसरू दिली नाही, तो बिनआवतनाचा कुणाच्या मांडवात पाय ठेवणार नव्हता, उपाशी मेला तरी. ही अढी नव्हती, त्यांच्या कामाचा पहिला नियम होता तो.

वस्तीनं त्यांना टाकलं नव्हतं. हेच तर चीड आणणारं आहे. कुणी वाईट नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. माझ्या पत्रकात ज्या दुष्टांना मी झोडपलं होतं ते दुष्ट वस्तीत नव्हतेच. वस्तीत होती एक रीत, जिच्यात एका माणसाची जागा राहूनच गेली होती, आणि ती रीत चालू होती तोवर कुणाला कळलं नाही. आणि आणखी एक. माझ्या भावाच्या लग्नाचं ग्रुपवरचं निमंत्रण मी टाइप केलं होतं. 'सर्वांनी सहकुटुंब यावे ही आग्रहाची विनंती.' सर्वांनी.

आई म्हणाली, तू जा. मी म्हटलं, माफी मागते. आई म्हणाली, "माफी मागायला जाऊ नको. तुझी माफी घिऊन तो काय करनार? आवतन द्यायला जा." मग तिनं रीत सांगितली. पायी जायचं, गाडीवर नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. पाणी दिलं तरी प्यायचं नाही. सांगून झालं की निघायचं, येतो का न्हाई विचारत बसायचं नाही.

सकाळी गेले. दार बंद. मी म्हणाले, आबा, जयभीम, आवतन द्यायला आले.

आत बाज करकरली. मग आवाज. "कोन?"

"मी."

"आवतनाला मी नसतंय. घर असतंय. कोनाच्या घरचं?"

मी घर सांगितलं, वडिलांचं नाव घेऊन. लिंबाजवळचं घर.

"हां. मंग?"

"भावाचं लग्न हाय, आबा. गुरुवारी. दुपारी जेवायला यायचं."

"किती मानसं?"

"चूलबंद."

आई म्हणाली होती, थांबू नको. मी थांबले. आतून आलं, "माझी कुठं चूल हाय. स्टो हाय."

"मग स्टो बंद ठेवायचा," मी म्हणाले.

कडी निघाली. आबा दारात आले, दाढी वाढलेली, सदरा मोठा झालेला. पत्रकाचं ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वर खाली बघितलं आणि विचारलं, वरल्या आळीला सांगितलं का? म्हटलं, ग्रुपवर टाकलंय. आबा म्हणाले, "म्हंजी फोनवाल्याची चूल बंद आन बाकीच्याची पेटती. गुरुप येनार हाय का तुमच्या पंगतीला?"

आणि उंबऱ्यावर बसून ते सांगायला लागले. मी वही काढली तर म्हणाले, "लिहू नको. तुझं लिहिलेलं बघितलं. ध्यानात ठिव." मी वही पिशवीत घातली. त्या टोमण्याला मी पात्र होते, आणि खरं सांगू, तो ऐकून बरं वाटलं. रागावलेला माणूस आत बसलेल्या माणसापेक्षा बरा.

त्यांनी आळीवार चुली सांगितल्या. मी वस्तीत जन्मले, आठवडाभर फॉर्म घेऊन फिरले, आणि त्यातल्या कित्येक मला ठाऊकच नव्हत्या. एका भावाच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत राहणारी बहीण, नवऱ्यानं सोडलेली. भावाला सांगितलं म्हणजे तिला सांगितलं असं सगळे धरतात, आणि ती वेगळं करून खाते. तो भरतीवाला पोरगा, पुण्याहून आलेला. बापाशी बोलणं बंद आहे, गोठ्यात झोपतो आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःची खिचडी शिजवतो. "त्येची चूल येगळी हाय," आबा म्हणाले, "बापाला सांगून त्येला पोचत न्हाई." नव्या सुनेचंही सांगितलं. तिची चूल वेगळी नाही, पर नव्या सुनेला सासूच्या हाती निरोप द्यायचा नसतो, तिला हाक मारून सांगायचं, मंग तिला कळतं की ह्या गावात आपुन हावोत.

हे त्यांना कुणी सांगितलं? ते तर खोलीतून बाहेर पडत नव्हते. विचारलं तर म्हणाले, दारात बसलं की दिसतंय, कोनाच्या घरातून धूर दोनदा निघतो. दोनदा निघाला की चुली दोन.

मी सगळ्या चुलींना सांगत फिरले. दुपार झाली. पत्र्याच्या खोलीतली बाई दारात आली आणि म्हणाली, भावाला सांगा ना. म्हटलं, त्यांना वेगळं सांगितलं, हे तुमचं आहे. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि नुसतं बरं म्हणाली. गोठ्यातला पोरगा या वेळी हसला नाही. त्या बाईचा फॉर्म मी भावाच्या घरात बसून भरला होता; या दोघांच्या आणि त्या सुनेच्या फॉर्मवर माझ्या हातची 'कधीच नाही'ची टिक आहे. मी तीन माणसांना कागदावर बरं करून टाकलं होतं. आबा धरून चार.

मॅडमना फोन करून मी एवढंच सांगितलं की माझे फॉर्म खोटे आहेत, जाळा. त्या म्हणाल्या, कोण काय म्हणालं ते मला सांगू नकोस. आपण काय विचारायला हवं होतं ते सांग. मी म्हणाले, एकटं वाटतं का असं आमच्याकडे विचारू नका. माणूस मरेल पण भरल्या गावात हो म्हणणार नाही, कारण हो म्हणणं म्हणजे घरच्यांची तक्रार करणं. विचारा की तुमच्या दारात येऊन, तुमचं नाव घेऊन, शेवटचं आवतन कुणी दिलं आणि कधी. मॅडमनी तो प्रश्न पुढच्या फेरीत घातला. विचारायला मी नव्हते, दुसरी मुलगी होती. ती म्हणते, या प्रश्नाला कुणी हसत नाही. लोक आठवायला लागतात, आणि काही जण आठवता आठवता गप्प होतात.

मी पत्रकं लिहायची सोडलेली नाहीत. आणि माझं म्हणणंही मी मागं घेतलेलं नाही, फक्त फिरवलंय. 'आमच्याकडे एकटेपणा नसतो' ही आमची सगळ्यांत मोठी थाप आहे. गर्दी म्हणजे सोबत नव्हे. जी माणसं कुठल्याच यादीत नाहीत ती शहरात असतात तशी गावातही असतात. फरक इतकाच की गावात त्यांना रोज मांडवाचा आवाज ऐकावा लागतो.

हे सगळं लिहू का, म्हणून या वेळी आबांना आधी विचारलं. ते म्हणाले, लिही, पर नाव टाकू नको. मी म्हटलं, वस्तीला तरी कळणारच. ते म्हणाले, वस्तीला कळू दे, वस्ती माझीच हाय. म्हणून यात कुणाचंच नाव नाही.

गुरुवारी आबा आले. धुतलेलं धोतर, टोपी. मांडवाच्या तोंडाशी थांबले, कारण जन्मात पहिल्यांदा त्यांना कुठं बसायचं हे ठाऊक नव्हतं. आईनं पहिल्या पंगतीत पाट दाखवला. कुणी भाषण केलं नाही, कुणी फोटो काढला नाही. ती ताकीद मी सगळ्या पोरांना देऊन ठेवली होती. आबांनी वरण चाखलं, आणि वाढपी पुन्हा पुढं आला तर म्हणाले, वरणात मीठ कमी हाय, शेवटच्या पंगतीला कळतंय ते, तवर उशीर होतो. मीठ टाकलं गेलं. आबांनी भात दोनदा घेतला.

गोष्टीत असतं तसं एका जेवणानं सगळं नीट झालं नाही. गोळ्या खिळ्यालाच होत्या. मी बोलले नाही. बोलून मी काय करते ते बघून झालं होतं. पण त्यानंतर वस्तीत दोन कार्यं झाली आणि दोन्ही घरांतलं माणूस पायी चालत आबांच्या दारात गेलं. दुसऱ्या खेपेला तर आबांनीच त्याला थांबवून बाकीच्या चुली सांगितल्या.

मागल्या महिन्यात त्यांनी मला निरोप पाठवला की बोरीला जायचंय, सरकारी दवाखान्यात. आम्ही एसटीनं गेलो. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि माझ्याकडंच डोळे वटारले. अजून जास्त होता. पण पहिल्यापेक्षा कमी. त्यांनी आबांना विचारलं, गोळ्या घेताय का रोज? आबा म्हणाले, पंधरा दिवसापास्नं घ्यायलोय. नर्सबाई म्हणाल्या, आधी काहून घेत नव्हते? आता काय झालं?

आबांनी बाही खाली केली. "पुढल्या ऐतवारी एक नामकरण हाय," ते म्हणाले. "त्येच्या मागून एक लगन. दोन्हीचं आवतन आलंय. तवर तर ऱ्हावं लागतंय."

नर्सबाईंनी महिन्याच्या गोळ्या मोजून पिशवीत टाकल्या. आबांनी ती पिशवी माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्या खिशात घातली, आणि आम्ही स्टँडकडं चालायला लागलो.